कपाट तेच, कुर्ते तेच, तरी रोज जरा वेगळं दिसायचं असेल तर

आधीच सांगते, यात नवीन ड्रेस घ्या असं कुठंच येणार नाहीये. पाच-सहा कुर्ते, दोन जीन्स, एक काळी लेगिंग, एखादा पांढरा शर्ट आणि सणाच्या दोन-तीन साड्या एवढ्यावर बहुतेक जणींचं वर्ष निघतं आणि ते बरोबरच आहे, आपल्या कोल्हापुरात शाहूपुरीतल्या बँकेत काय नि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काय, रोज नवा ड्रेस घालून कोण जातंय. आपल्याला कंटाळा येतो तो बहुतेक वेळा त्याच कुर्त्यावर तेच बारके टॉप्स, तीच काळी सँडल, तीच पर्स आणि तोच रबर लावलेला शेपटा, ह्या सेटचा येतो. म्हणून कडेकडेनं बदल करायचा. कान, गळा, हात, पाय, केस आणि बॅग, ह्या सहा जागा. रोज त्यातली एकच जागा मिरवायची, फार तर दीड. गळ्यात ठुशी असेल तर कानात बारीक काहीतरी, कानात मोठे झुमके असतील तर गळा मोकळा, हातभर बांगड्या घातल्या तर बाकी सगळं गप्प. सगळंच घालायचं असेल तर लग्नाला जायलाय असं दिसतं, आणि ऑफिसला जाऊन "आज काय विशेष?" असं दहा जण विचारतात.

आणि दुसरं म्हणजे सीझन. रील्समधे जे स्प्रिंग-समर, ऑटम-विंटर चाललेलं असतं ते आपल्याला अर्धवटच लागू पडतं. आपल्याकडं मार्च ते मे भाजून काढणारं ऊन, मग जूनपासनं पाऊस आणि पाऊस म्हणजे राधानगरी-गगनबावड्याच्या अंगाचा पाऊस, सुट्टी न घेणारा, त्यातच गणपती-गौरी, मग नवरात्र-दसरा-दिवाळी, त्यानंतर थोडीशी थंडी आणि परत लग्नसराई. ट्रेंड कुठनं पण येऊ दे, तो ह्या हवेत टिकतो का आणि महाद्वार रोडवर किंवा राजारामपुरीत मिळतो का एवढं बघायचं, टिकत नसेल तर सोडून द्यायचा, पुढच्या महिन्यात दुसरा येतोच.

सुरुवात पायापासनं

आपल्या गावात राहून पायात बोअरिंग काळी सँडल घालणं म्हणजे मला तर जरा पापच वाटतं. 2025 च्या जूनमधे मिलानच्या रॅम्पवर प्राडानं पुरुषांच्या शोमधे डिट्टो आपल्यासारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता, मग इकडं बोंबाबोंब झाली आणि शेवटी त्यांना ही डिझाईन भारतीय पारंपरिक चपलांवरनं सुचलीय हे मान्य करायला लागलं. म्हणजे जग ज्याच्या मागं लागलंय ते आपल्याला अंबाबाईच्या देवळापासनं चालत गेलं तरी चप्पल लाईनीत मिळतंय. कोल्हापुरी चपलेला जीआय टॅग, म्हणजे ही वस्तू ह्याच भागाची अशी सरकारी नोंद, 2019 सालीच मिळालाय, आणि तो फक्त आपल्या जिल्ह्याला नाही, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे मिळून आठ जिल्हे आहेत त्यात, त्यामुळं निपाणीच्या पाहुण्यांशी उगाच भांडू नका.

आता कुठली घ्यायची. चप्पल लाईनीत गेलात की पन्नास डिझाईन समोर टाकतात आणि आपण गोंधळतो, म्हणून आधी ठरवून जायचं की कशावर घालणार आहोत. कुर्ता-लेगिंग, साडी, कॉटनचा लांब वन पीस ह्यावर नाजूक पट्ट्याची, बारीक वेणी असलेली, पातळ तळाची बघा. जीन्स आणि पांढऱ्या शर्टावर मात्र जाडजूड, बाजूला कातड्याचे कान असलेली कापशी चप्पल घातली की एकदम भारी दिसते, बायकांनी पण घालावी, ती फक्त पुरुषांची असं काही नाही. एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट, पँट घोट्याच्या वर संपली पाहिजे. लांब पायघोळ जीन्सखाली चप्पल घातली तर ती दिसतच नाही आणि वरनं जीन्सची कड तळाखाली येऊन फाटते. दोन घड्या घाला, बास.

रंगाचं म्हणाल तर पहिली जोडी नॅचरल कातडी रंगाचीच घ्या, ती सगळ्यावर जाते, तेल लावत राहिलं की वर्षभरात गडद होत जाते आणि तीच खरी छान दिसते. पँटोन म्हणून जे रंगवाले आहेत त्यांनी 2025 चा रंग म्हणून 'मोका मूस' असा एक तपकिरी जाहीर केलेला, मी फोटो बघितला तर आमच्या आजोबांच्या जुन्या चपलेचा रंग! दुसरी जोडी घेणार असाल तर मग मरून, बॉटल ग्रीन, आरशे लावलेली, गोंड्याची, जी आवडेल ती घ्या, तिथं मजा करायची.

खरी की रेक्झिनची हे बघायला फार अक्कल लागत नाही. वास घ्या, वजन बघा, आणि तळाची कड नीट बघा, कातड्याचे थर एकावर एक दिसले पाहिजेत आणि शिवण कातड्याच्याच वादीची पाहिजे, पारंपरिक चपलेत खिळा नसतो. संध्याकाळी जावा विकत घ्यायला, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा बसली की कायम बसते. आणि थोडी घट्टच घ्या कारण पट्टा सैल होतोच, सुरुवातीलाच ऐसपैस घेतली तर दोन महिन्यात फटाक फटाक वाजत चालाल. नवीन चप्पल चावणार, चार-पाच दिवस अंगठ्याला आणि पट्ट्याच्या कडेला आतनं खोबरेल किंवा एरंडेल लावायचं आणि घरातल्या घरात तासभर घालून फिरायचं, पहिल्याच दिवशी नवी चप्पल घालून रंकाळ्याला राऊंड मारायला गेलात तर परत येताना ती हातात असेल.

पावसात मात्र अजिबात नाही. हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, ते पाणी पितं, फुगतं, आकार सोडतं, आणि रंगीत असेल तर पाय पण रंगवून देतं. भिजलीच तर आत वर्तमानपत्राचा बोळा घालून सावलीत वाळवायची, उन्हात किंवा गॅसशेजारी ठेवली की कडक होऊन तडकते, पूर्ण वाळल्यावर तेलाचा हात. जून ते सप्टेंबर ती सुती पिशवीत बांधून वरच्या फळीवर ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते.

गळा, म्हणजे आपला हुकमी पत्ता

पाय झाले, आता गुजरी, म्हणजे आपली सराफ गल्ली. खरं सोनं घ्यायला सांगत नाहीये, भाव बघून चक्कर येते. पण कोल्हापुरी दागिन्यांचे जे साचे आहेत ते चांदीत, सोन्याचं पाणी दिलेल्या चांदीत आणि एक ग्रॅममधे सगळीकडं मिळतात आणि हेच दागिने आजकाल मुंबई-पुण्याच्या ऑनलाईन दुकानांमधे 'स्टेटमेंट नेकपीस' म्हणून तिप्पट भावात विकायला ठेवलेले असतात.

ठुशी सगळ्यात कामाची. बारीक मणी दाटीनं गुंफलेले, गळ्याला घट्ट बसणारी, मागं दोरा असल्यामुळं कमीजास्त करता येते, म्हणजे गळा बारीक असो की जाड, सगळ्यांना होते. ही बंद गळ्याच्या कुर्त्यावर, बोट नेकवर, आणि माझं फेव्हरेट म्हणजे साध्या कॉटन शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवून आत ठुशी. एवढंच. कानात काही नाही घातलं तरी चालतं. फक्त ज्या कुर्त्याच्या गळ्यालाच भरतकाम आहे त्याच्यावर ठुशी घालू नका, दोघांची मारामारी होते.

साज म्हणजे जरा वेगळं प्रकरण. पारंपरिक साजात 21 पानं असतात, दहा विष्णूचे अवतार, आठ अष्टमंगल, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं, मधे जवमणी. तो लांब असतो, छातीवर येतो, त्यामुळं त्याला मोकळी जागा लागते, प्लेन रंगाचा कुर्ता, प्लेन साडी, खोल गळा किंवा एकदम बंद गळा. प्रिंटेड कपड्यावर साजाची पानं दिसतच नाहीत, मग कशाला घालायचा. रोजच्यासाठी दहा-बारा पानांचा हलका साज मिळतो तो घ्या. आपल्याकडं अजून बऱ्याच घरांत साज हा सौभाग्याचा दागिना मानतात, लग्न न झालेल्या मुलीनं जीन्सवर साज घातला की आज्जीचा चेहरा बदलू शकतो, तुमच्या घरात काय चालतं ते तुम्हाला माहिती. साजाचं एकच पान बारीक चेनमधे घालायचं असं पण करतात आता, बेलपान, चंद्र, शंख, कासव ह्यातलं जे आवडेल ते, ऑफिसला अगदी सुटसुटीत.

चिंचपेटी आणि वज्रटीक घालायच्या असतील तर मोठ्या गळ्याच्या ब्लाऊजवर किंवा खणाच्या प्लेन टॉपवर. बोरमाळ, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ ह्या लांब माळा, आणि आत्ता दोन-तीन माळा एकावर एक घालायची जी फॅशन आहे ती आपल्या आज्या जन्मभर करत आल्यात, ठुशी वर, बोरमाळ मधे, मोहनमाळ खाली. लेअरिंगची युक्ती एवढीच की प्रत्येक माळेत किमान चार बोटांचं अंतर पाहिजे आणि सगळ्यांचा रंग एक पाहिजे, सोनेरी तर सगळं सोनेरी.

एक ग्रॅम घेताना एवढं डोक्यात ठेवा, ते तांब्या-पितळेवर दिलेलं पाणी असतं, पाणी जाणारच. किती दिवसात जाणार ते तुमच्या हातात. परफ्यूम, बॉडी लोशन, हेअर स्प्रे सगळं मारून झाल्यावर शेवटी दागिना घालायचा, घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायचा, मऊ सुती कापडानं घाम पुसायचा आणि झिपच्या छोट्या पाउचमधे एकेक वेगळं ठेवायचं. सगळे एकाच डब्यात कोंबले तर एकमेकांना घासून आठ दिवसात काळे पडतात, मग दुकानदाराच्या नावानं बोटं मोडायची. आणि खरं सोनं घ्यायचंच असेल, अगदी बारीक बुगडी का असेना, तर 1 एप्रिल 2023 पासनं हॉलमार्कवर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, बंधनकारक आहे, तो बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

बुगडी म्हटलं की आठवलं. कानाच्या वरच्या पाळीला काहीतरी घालायची फॅशन परत आलीय, त्याला इयर कफ म्हणतात, आपल्याकडं प्रेसची बुगडी मिळते, टोचायला लागत नाही, केस मागं बांधायचे आणि एकाच कानात घालायची, दुसऱ्यात साधा टॉप. प्रेसची नथ पण असते, पण नथ रोजच्या कुर्त्यावर मला नाही पटत. नथ साडीवर, किंवा खणाच्या टॉपवर, तिला तिचा मान द्यावा.

रंग कसे जुळवायचे

ह्याच्यावर लोक चक्रं काढून शिकवतात, रंगाचं चाक वगैरे. मी म्हणते घरातली जुनी इरकल काढा, आईची, आज्जीची, मावशीची कुणाची पण, आणि अंग कुठल्या रंगाचं नि काठ कुठल्या रंगाचा ते बघा. हिरव्याला लाल, काळ्याला मरून, मोरपंखीला मोहरी, जांभळ्याला हिरवा. ह्या जोड्या कितीतरी वर्षं बायकांनी नेसून पास केल्यात. कुर्ता अंगाच्या रंगाचा आणि ओढणी किंवा बांगड्या किंवा पर्स काठाच्या रंगाची, चुकतच नाही. पांढऱ्या नि ऑफव्हाईटवर सगळं चालतं. काळ्या, नेव्ही ब्लू, राखाडीवर चांदी आणि ऑक्सिडाईज्ड. मोहरी, मरून, बॉटल ग्रीनवर सोनेरी. चॉकलेटी कपड्यावर मात्र ऑक्सिडाईज्ड मळकट दिसतं, तिथं तांब्याचा रंग किंवा मोती.

आणि ती इरकल फाटली असेल, विरली असेल, तर टाकू नका हो. काठ कापून घ्या. त्याची कंबरेची पट्टी होते, प्लेन ओढणीला कड होते, उरलेल्या तुकड्यातनं केसांचा स्क्रंची आणि पर्सच्या हँडलला गुंडाळायची पट्टी होते. गल्लीतल्या शिलाईवाल्या काकी एका दुपारी करून देतात. पदर धड असेल तर टोपी तेनीचा, म्हणजे इरकलीच्या खास नक्षीचा, लाल-पांढरा पदर स्टोल म्हणून घेता येतो, काळ्या कुर्त्यावर घेऊन बघा.

पाऊस

पावसाळ्यात बहुतेक जणी हार मानतात आणि चार महिने चिखलाच्या रंगाचे कपडे घालतात. उलट ह्याच दिवसात बाहेर सगळं राखाडी असतं म्हणून एखादा कडक रंग लांबनं दिसतो. छत्री काळी घेऊच नका, पिवळी, केशरी, पोपटी घ्या, छत्री पण ऍक्सेसरीच आहे आणि चार महिने रोज दिसणार आहे. रेनकोट पण तसाच. पायात रबराची किंवा क्रॉक्स टाईप चप्पल, मागं चिखल उडवणारी सपाट स्लीपर नको, पांढऱ्या लेगिंगवर मागनं जे नक्षीकाम होतं ते निघत नाही.

दागिन्यात पावसाला चालतात त्या काचेच्या बांगड्या. पाणी लागू दे, घाम लागू दे, काचेला काही होत नाही, आणि श्रावणात हिरव्या बांगड्या भरायची पद्धत आहेच, कासाराकडं जाऊन एक डझन हिरव्या आणि त्यात मधे चार लाखेच्या-सोनेरी असं मिक्स करून घ्या, लाखेच्या पाण्यात जपा. एका हातात सात-आठ, दुसऱ्या हातात फक्त घड्याळ. टायपिंग करताना वाजतात म्हणून शेजारचा वैतागला तर वैतागू दे. स्टील आणि रेझिनचे कानातले पण चालतात. न चालणारं म्हणजे लाकडी रंगवलेले मणी, कापडी दागिने, रेशमी धाग्याचे झुमके, खण, कारण खणाचा रंग जातो आणि लाल खणाचा रंग पांढऱ्या कुर्त्यावर गेला की कुर्ता गेला.

चांदीला पावसाळ्यात काळेपण लवकर येतं, हवेतल्या गंधकाच्या वायूशी तिचं जुळतं आणि दमट हवेत ते काम फास्ट होतं. हुपरीचे पैंजण किंवा जोडवी असतील तर हवाबंद डबीत खडूचा तुकडा टाकून ठेवा, खडू ओल शोषतो. तसे रोज पायातच असतील तर घासूनच चकचकीत राहतात, काढून ठेवलेलेच जास्त काळे पडतात.

केस ओले, फ्रिझी, म्हणून पंजा क्लचर. ही नव्वदच्या काळातली मावशीची क्लिप परत आलीय आणि मी खूश आहे कारण दोन सेकंदात आंबाडा होतो. मोठा, मॅट रंगाचा, कुर्त्याच्या विरुद्ध रंगाचा घ्या.

नवरात्राचे नऊ रंग, नऊ साड्या न घेता

दरवर्षी सप्टेंबर आला की ऑफिसच्या ग्रुपवर रंगांची यादी फिरते आणि धावपळ सुरू. त्या यादीत गूढ काही नाही. पहिले सात रंग वारावर ठरतात, रविवारी केशरी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, आणि घट ज्या वारी बसतात तिथनं यादी सुरू होते. शेवटचे दोन दिवस गुलाबी, जांभळा, मोरपंखी यातले दोन असतात. म्हणजे सात रंग दरवर्षी तेच, त्यांची खरेदी एकदाच करायची.

आता कपड्यात नाही, कडेला खरेदी करायची. एक ऑफव्हाईट किंवा बेज कुर्ता आणि एक काळा, हे दोन बेस. त्यावर त्या त्या रंगाची साधी कॉटनची ओढणी, त्याच रंगाच्या काचेच्या बांगड्या आणि टिकली. राखाडीला ऑक्सिडाईज्ड झुमके आणि काळा कुर्ता, ओढणीची गरजच नाही. पांढऱ्याला मोत्याचे टॉप्स. केशरीला झेंडूचं एक फूल क्लचरशेजारी, दसऱ्याच्या दिवसात झेंडू काय मोप असतो. ओढण्या सातच्या सात इचलकरंजीकडनं किंवा लक्ष्मीपुरीतनं कापड घेऊन कडेला पिको मारून घेतल्या तर एका रेडिमेड ड्रेसच्या पैशात सगळं बसतं. ललिता पंचमीला त्र्यंबोली देवीच्या यात्रेला जायचं असेल तर मात्र गर्दी लक्षात ठेवा, लांब माळा नि लोंबते झुमके नको, ओढणी एका खांद्यावर पिन करून टाका.

थंडी, आणि काळा रंग

आपली थंडी म्हणजे सकाळी रंकाळ्यावर तासभर, अकराला परत पंखा. त्यामुळं जाड स्वेटरपेक्षा काढता-घालता येणारं काहीतरी, स्टोल, खणाचं बिनबाह्यांचं जॅकेट, डेनिम जॅकेट. डेनिम जॅकेटच्या कॉलरवर एखादा जुना, जोडीतला एकच उरलेला कानातला ब्रोच म्हणून लावा, प्रत्येकीच्या डब्यात असा एक विधुर कानातला असतोच.

संक्रांतीला काळं घालायची मुभा मिळते ती वाया घालवू नका, काळा प्लेन कुर्ता किंवा काळी साडी आणि फक्त चांदी, एक जाड हार नाहीतर मोठे झुबे. हलव्याचे दागिने नव्या नवरीला नि बाळाला, पण हलव्याच्या दाण्यांसारखे पांढऱ्या मोत्यांचे कानातले काळ्यावर फार गोड दिसतात.

ऊन

उन्हाळ्यात गाडीवरनं जाताना आपण सगळ्या एकसारख्या पांढऱ्या सनकोटात नि डोळे सोडून गुंडाळलेल्या स्कार्फमधे असतो, सिग्नलला सख्खी बहीण ओळखू येत नाही. सनकोट पांढराच असू दे, पण स्कार्फ तरी मजेशीर प्रिंटचा घ्या, मोठा, मऊ सुती, ऑफिसात पोचल्यावर तोच बॅगेच्या हँडलला गाठ मारून बांधायचा, बॅग नवीन दिसते. गॉगल घेताना यूव्ही 400 लिहिलेला घ्या, नुसती काळी काच घातली की बाहुली मोठी होते आणि यूव्ही उलट जास्त आत जातं, रस्त्यावरचा स्वस्त गॉगल फक्त फोटोपुरता.

घामाच्या दिवसात दागिने कमी. मोती पण घामानं निस्तेज होतात, पुसून ठेवा. जर्मन सिल्व्हरमधे तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नसते, आणि निकेल काही जणींना चावतं, मानेवर लाल पट्टा, खाज. असं होत असेल तर मागच्या बाजूला पारदर्शक नेलपेंटचा हात मारून बघा, तात्पुरतं काम होतं, पण पुरळ येत असेल तर तो दागिना सोडा आणि चांदी घ्या. टेराकोटा, कवड्या, सुती धागा हे उन्हाळ्याचे दागिने.

आणि मोगरा! एप्रिल-मे मधे देवळाबाहेर गजरे मिळतात, जीन्स-कुर्त्यावर एक छोटा गजरा, पूर्ण अर्धवर्तुळ नाही तर दोन बोटं लांबीचा तुकडा, क्लचरला अडकवायचा. कुठल्याही महाग ऍक्सेसरीला हा ऐकत नाही, संध्याकाळी कोमेजला की टाकून दिला. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाणार असाल तर घरातलं सगळ्यात जुनं पांढरं घालून जावा, गुलालाचा गुलाबी रंग डोंगरावर फुकट मिळतो.

भावांसाठी थोडंसं

तुम्ही पण तेच करा, एकावेळी एक. पट्टा, घड्याळाचा बेल्ट आणि चप्पल ह्या तिन्हीचं कातडं एका रंगाच्या आसपास असलं की साधा पांढरा शर्ट पण कडक दिसतो. कडं असेल तर साखळी नको. करकर वाजणारी कापशी लग्नाला, मिरवणुकीला, शाहू स्टेडियमवर मॅचला जर्सीवर सुद्धा चालेल, पण शांत ऑफिसात नको, सगळे मान वर करून बघतात. फेटा रेडिमेड घेण्यापेक्षा बांधून घ्या, आणि रंग कुर्त्याच्या विरुद्ध, कुर्ता पांढरा तर फेटा भगवा किंवा बांधणीचा. मफलर थंडीत गळ्यात, हातात धरून फिरवायचा नाही.

बॅग आणि गाडीची डिकी

बॅगेला सध्या लटकन लावायचं फॅड आहे, परदेशात लोक बाहुल्या लावतात, आपण चप्पल लाईनीतली ती बोटभर लांबीची चपलेची किचेन लावायची, पाहुण्यांना देण्यासाठीच घेतो आपण ती कायम, एक स्वतःला घ्या. कंबरेला पट्टा बांधायची फॅशन सुद्धा साडीवर छान दिसते, घरातला जुना कंबरपट्टा नसेल तर कातडी बेल्ट, साडी मात्र सुती आणि निऱ्या बारीक.

गाडी चालवणाऱ्यांसाठी, हेल्मेटखाली झुमके घालू नका, पट्ट्यात अडकतात आणि काढताना कानाची पाळी ओढली जाते, पोचल्यावर घाला. लांब ओढणीची दोन्ही टोकं गाठ मारून मागं कंबरेत खोचा, चाकात जायला एक सेकंद लागतो. म्हणून डिकीत एक छोटी डबी कायम ठेवायची, त्यात झुमक्याची एक जोडी, टिकलीचं पाकीट, चार सेफ्टी पिना, एक क्लचर, आणि बाजूला घडी घातलेली ओढणी, एक रिकामी प्लास्टिकची पिशवी नि रबराची चप्पल. मे संपत आला की वळीव कधी पण गाठतो, थेंब पडला रे पडला की गाडी बाजूला घ्यायची, आधी कोल्हापुरी पिशवीत, मग रेनकोट अंगात.